बीबीजींची जेंते

आमच्या गल्लीत आता कुणी 'अल्लोरा' म्हणत नाही. बीबीजींचं प्रत्येक वाक्य त्या शब्दापासून सुरू व्हायचं. भाजीवाल्याशी भाव करताना, नळाला पाणी आलं नाही म्हणून ओरडताना, देवाचं नाव घेऊन उठताना, आधी अल्लोरा. इटलीत 'मग', 'तर', 'हां' असं म्हणायला तो शब्द वापरतात म्हणे. गल्लीतली पोरं त्यांना अल्लोरा मावशीच म्हणत. त्यांना राग यायचा नाही. "नाव ठेवलं तर ठेवलं. निदान हाक तर मारतेत," म्हणायच्या.

त्यांचं खरं नाव जसवंत कौर. जन्म आमच्याच नांदेडचा, गुरुद्वाऱ्याच्या मागच्या वस्तीतला. लग्न होऊन पंजाबात गेल्या आणि तिथून नवऱ्याबरोबर इटलीत. नवरा तिकडे गायींच्या मोठ्या गोठ्यात दूध काढायचा. बीबीजी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या. नवरा गेल्यावर परत आल्या त्या सासरी नाही, माहेरी. आमच्या समोरचं घर त्यांनी घेतलं. पंजाबातली माणसं त्यांची मराठी वळणाची पंजाबी ऐकून हसायची आणि नांदेडची माणसं त्यांचा चेहरा बघून हिंदीत बोलायची. मग त्या मुद्दाम म्हणायच्या, "काय करून राहिले भाऊ, मला मराठी येती की!"

अंगावर पांढरी ओढणी आणि पायात पुरुषांचे पळायचे बूट. गुडघे दुखायचे म्हणून. गॅसवर एक लहानसं लोखंडी भांडं ठेवून त्यात काळीकुट्ट कॉफी करायच्या. मला एकदा दिली होती. मी तोंडात धरली आणि गिळूही शकले नाही, थुंकूही शकले नाही. बीबीजी एवढ्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

मी त्यांच्या भाकऱ्या थापून द्यायची. त्यांच्या मनगटात जोर राहिला नव्हता आणि ज्वारीची भाकरी मात्र रोज पाहिजे. मी जास्त बोलणारी नाही. दारात उभी राहायची, ताट ठेवायची, निघायची. एक दिवस त्या म्हणाल्या, "तारा, तू उंबऱ्यावर काय पहारा देऊन राहिली? आत ये, बस." तेव्हापासून मी मेथी निवडायला त्यांच्याकडे न्यायला लागले.

समोरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. नर्सिंग झालेल्या मुली यायच्या. कुणी हिमायतनगरची, कुणी नायगावची. इटलीतल्या दवाखान्यांत, वृद्धांच्या घरांत नोकऱ्या आहेत, पण आधी भाषेची परीक्षा पास व्हावी लागते, म्हणून. जुन्या कपाटाचं दार काढून त्याला काळा रंग दिला होता, तो त्यांचा फळा. मुलींना खुर्चीवर बसू द्यायच्या नाहीत. सतरंजीवर ओळीनं, पंगतीला बसल्यासारखं. सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. "कोरस मला नको. एकेक बोल. चुकलीस तर तुझी चूक, बरोबर आलं तर तुझं बरोबर." आणि सुरुवात कायम दाराजवळच्या, सगळ्यात गप्प मुलीपासून.

ती गप्प मुलगी म्हणजे माझी मनीषा. माझ्यावरच गेली आहे. नर्सिंग झालं होतं, इथल्या एका दवाखान्यात कामाला होती. डॉक्टर बोलले की मान खाली, पेशंटचे नातेवाईक बोलले की मान खाली. तिला तिकडे जायचं आहे, हे तिनं मला सांगितलं नाही, बीबीजींना सांगितलं. मला बीबीजींनी सांगितलं. मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं, की कुणाला तरी सांगितलं.

पुस्तकं होती वर्गात, पण बीबीजी पुस्तकातून शिकवायच्या नाहीत. पहिला धडा अंगाचा. हात, कोपर, गुडघा, पाठ, टाच. त्या म्हणायच्या, "माझी शाळा म्हंजे न्हाणीघर. रोझा नावाची म्हातारी होती, तिला अंघोळ घालता घालता मी शिकले. ती सांगायची, इथं दुखतंय, इथं नको, पाणी गार हाय. ज्याला दुखतंय कुठं ते सांगता येतं, त्याला भाषा येती."

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो 'जेंते'चा धडा.

जेंते म्हणजे लोक. एका मुलीनं फळ्यावर वाक्य लिहिलं, त्यात तिनं 'ला जेंते सोनो' असं काहीतरी म्हटलं. म्हणजे 'लोक आहेत'. आपण तसंच म्हणतो. बीबीजींनी खडू खाली ठेवला. रागावल्या असतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "चला, चपला घाला." आणि सगळा वर्ग घेऊन निघाल्या. मलाही म्हणाल्या, मेथी राहू दे.

गुरुद्वाऱ्यात लंगर चालू होता, येईल त्याला फुकट जेवणाची पंगत. बीबीजी रोज पहाटे तिथं पोळ्या शेकायला जायच्या, त्यामुळे त्यांना सगळे ओळखायचे. आत माणसंच माणसं. फेटेवाले, टोपीवाले, आंध्रातून आलेल्या बाया, कडेवर लेकरं घेतलेल्या, एक गाडगं-मडकं विकणारा म्हातारा, सगळे एका ओळीत मांडी घालून. बीबीजी मुलींना म्हणाल्या, "अल्लोरा. हे काय हाय?"

"माणसं," एक म्हणाली.

"मोज."

ती मोजायला लागली. तोवर दोघं उठले, चौघं आले. ती थांबली.

"मोजता येत न्हाई ना? आता सांग, जमलेल्या या माणसांना आम्ही शीख काय म्हणतो? संगत. संगत आली म्हणता का संगत आल्या?"

"आली."

"हाव! कितीबी असू दे, संगत आली. एकटी. बाईमाणूस. तशीच जेंते. हजार असले तरी एकवचन, आणि बाई. ला जेंते सोनो न्हाई, ला जेंते ए, लोक 'आहे'. तीन संगत म्हणता का? न्हाई. मग तीन जेंते बी न्हाई. लई जेंते, थोडी जेंते, चांगली जेंते, असं म्हणा. आकडा लावायचा न्हाई."

मनीषानं हळूच विचारलं, "मग तीन माणसं म्हणायचं असेल तर?"

बीबीजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं सगळा गड जिंकला. "तर पेर्सोने. एक असली की पेर्सोना. पेर्सोनाला आकडा लागतो, पेर्सोनाला नाव असतं. तो मडकेवाला बघ. मिशीवाला बाप्या हाय, पण पेर्सोना म्हटलं की ती बी बाईच! आपण न्हाई म्हणत का, 'ती व्यक्ती आली'? आणि बघायला जावं तर धोतरवाला!"

मुली हसल्या. मडकेवाल्यानं वर पाहिलं, त्याला वाटलं वाढायला आले. मी बाजूला उभी होते. मला चौथीत शिकलेलं व्याकरण आठवलं, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. बाई छडी घेऊन पाठ करून घ्यायच्या, तेव्हा ते कुणाच्या कामाचं आहे असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, हे तर रोजच्या जेवणातलंच आहे.

घरी येताना बीबीजींनी आणखी एक सांगितलं. "तिकडच्या गावात मी एकटी सलवार-कमीजवाली. दुकानात शिरले की बाया गप्प, बाहेर पडले की बोलणं चालू. रोझा म्हणायची, ला जेंते दीचे. लोक म्हणतात. जेंतेचं कामच ते, म्हणायचं. मग ती म्हणायची, त्यातल्या एकीचं नाव शीक. उद्या तिला नावानं हाक मार, बघ काय होतं. मी मारली. कार्ला नाव तिचं. पाठमोरी उभी होती. वळली आणि लाजली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी टमाटे घेऊन आली."

मनीषानं परीक्षा हैदराबादला दिली. बोलण्याच्या परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. हिनं लंगर सांगितला. त्यांनी विचारलं, एवढ्यांचा स्वयंपाक कोण करतं? ही म्हणाली, 'ला जेंते'. मग कोण जेवतं? 'ला जेंते'. त्या बाई हसल्या, म्हणे, आणि मनीषानं मान वर करून पाहिलं. पास झाली. एका वृद्धांच्या घरातून नोकरीचंही नक्की झालं. बीबीजींनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मला म्हणाल्या, "तू वाटत न्हाई, मला ठाऊक हाय. म्हणून मी."

आणि मग भावकी आडवी आली.

आमचं गाव नायगावकडचं. मनीषाचे बाबा मोंढ्यात मापाडी आहेत, पण मोठे निर्णय गावात, मोठ्या दिरांच्या, आण्णांच्या घरी होतात. लग्न असो, जमीन असो, बैठक बसते. आण्णांनी निरोप पाठवला, पोरीला परमुलखात धाडायचं असेल तर आधी बैठक. मनीषाच्या बाबांना भावापुढं तोंड उघडता येत नाही. ते जाऊन बीबीजींना म्हणाले, "तुम्ही चला बाई. नाहीतर मी मान डोलावून परत येतो आणि पोरगी राहते इथंच."

आण्णांच्या टीव्हीच्या खोलीत सगळे बसले होते. बायका स्वयंपाकघराच्या दारात. बीबीजी सरळ आत गेल्या, गुडघ्यामुळे खाली बसता येईना, खुर्ची मागून घेतली आणि पुरुषांच्या ओळीत बसल्या. दोघांनी सरकून जागा दिली. पाहुण्या बाईला काय बोलणार?

आण्णा म्हणाले, "नोकरी चांगली असंल. पण लोक काय म्हणतील, याचा विचार केला का?"

"अल्लोरा," बीबीजी म्हणाल्या, "कोण लोक?"

"लोक म्हंजे लोक."

"ते कळलं. मोठा गठ्ठा हाय तो. मला नावं पाहिजेत." त्या दाराजवळ बसलेल्या चुलत दिराकडे वळल्या. "तुम्ही सांगा भाऊ, तुम्ही काय म्हणता?"

"मी? माझं काय न्हाई बा. पोरगी हुशार हाय. पण लोक—"

"तुम्ही?"

"माझी ना न्हाई. लोकांचंच जरा—"

तिसऱ्यांनीही तेच म्हटलं तेव्हा स्वयंपाकघरातून हसू फुटलं. बीबीजी चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "अरे मग ही लोकं बसली तरी कुठं? त्यांना चहा तरी धाडा!"

आता सगळेच हसले. आण्णा नाही हसले. ते म्हणाले, "माझी हाय हरकत."

बीबीजींनी कप खाली ठेवला. "शाब्बास. आता पेर्सोना भेटली."

कुणाला काही कळलं नाही. दारामागे मनीषानं ओढणीत तोंड खुपसलं.

"सांगा आण्णा. तुमची हरकत असंल तर ती खरी हरकत हाय. मी ऐकायला आले."

आण्णांनी सांगितलं. त्यांच्या सुनीताची सोयरीक उदगीरला जमत आली होती. घर चांगलं, अडत दुकान. पण पाहुण्यांच्या कानावर गेलं की सुनीताची चुलतबहीण परक्या देशात म्हाताऱ्यांची घाण काढायला जाणार. त्यांनी निरोप धाडला, असलं काम तुमच्या घरात चालत असेल तर आम्ही विचार करू. "माझ्या पोरीचं मोडलं तर?" आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी इतक्या वर्षांत तो तसा ऐकला नव्हता.

बीबीजी त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. तुमच्या पोरीचं मोडून आमच्या पोरीचं व्हायला नको, म्हणाल्या. "मला उदगीरला घेऊन चला. तारा, तू बी चल. बाईबरोबर बाई पाहिजे." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तू काय म्हणतीस?" सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. "झालं," त्या म्हणाल्या, "ते बी बोलणंच हाय."

उदगीरला आम्ही एसटीनं गेलो. बीबीजी वाटेत झोपल्या, आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले, मी डब्यातल्या भाकऱ्या मांडीवर घेऊन बसले. घर मोठं होतं, पुढं पोत्यांचा वास. होणारे व्याही, आप्पा, यांनी आण्णांना बैठकीत बसवलं. पोहे आले. बीबीजींनी पोहे घेतले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "घरात म्हातारं माणूस कोण हाय?"

आप्पा जरा चपापले. त्यांची आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. "तिला आता समजत न्हाई," ते म्हणाले. बीबीजी उठल्याच. मी मागून.

खोली बंद होती. खिडकी उघडली नव्हती. म्हातारी उताणी पडलेली, डोळे छताला. वास होता, तो सांगत नाही. आप्पांची थोरली सून दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. ती बिचारी एकटी किती करणार?

बीबीजींनी हात धुतले, एकमेकांवर चोळून ऊन केले. मग म्हातारीच्या तोंडाजवळ वाकल्या. "अज्जी, मी जसवंत. नांदेडची. तुमच्या पाठीकडं बघू का?"

म्हातारीचे डोळे हलले.

"आता मी चादर धरते हं. आता गुडघा मुडपते. उजवीकडं वळवते, भिऊ नका, पडू देत न्हाई." प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग हात लावायचा. चादरीची कड गुंडाळून त्यांनी तिला अशी वळवली की म्हातारी कण्हलीसुद्धा नाही. पाठ लाल झाली होती, एका ठिकाणी चामडी सोलवटायला आली होती. बीबीजींनी सुनेला जवळ बोलावलं, रागावल्या नाहीत. "हे बघ बाई, इथं उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक. दर दोन तासांनी कूस बदलत राहायची. तू एकटीनं ओढू नको, तुझी कंबर जाईल. चादर ओढ, माणूस न्हाई." मग कोमट पाणी, मऊ कापड. अंग पुसून केस विंचरले. मी पाणी देत होते, कापड पिळत होते.

आप्पा केव्हा दारात येऊन उभे राहिले, मला कळलं नाही. आण्णाही मागे होते. म्हातारीनं बीबीजींचा हात धरला होता आणि ती काहीतरी पुटपुटत होती, कानडी मिसळून. आप्पा म्हणाले, "पाणी मागून राहिली. दोन महिन्यांत बोलली न्हाई ती."

"तिला कुणी विचारलं न्हाई दोन महिन्यांत," बीबीजी म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. चमच्यानं पाणी पाजत त्या पुढं म्हणाल्या, "हे काम करायला जाती आमची मनीषा. ज्याला तुम्ही घाण काढणं म्हणता ते हेच. आता तुम्ही सांगा आप्पा. लोकांचं सोडा, तुमचं सांगा."

आप्पांनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग आण्णांकडे वळून म्हणाले, "पुढच्या बैठकीला लग्नाची तारीख काढून या."

निघताना आप्पांची ती सून मला बाजूला घेऊन म्हणाली, माझी धाकटी बहीण लातूरला नर्सिंग करते, त्या बाई तिला शिकवतील का? मी बीबीजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिकवीन की. पण कोरसमधली नको, एकटी बोलणारी पाहिजे." एसटीत आण्णांनी बीबीजींना खिडकीची जागा दिली. आमच्या घरात आण्णा कुणाला खिडकी देत नाहीत.

मनीषा गेली त्या दिवशी नांदेड स्टेशनवर आमची सगळी भावकी होती. आण्णांनी हार आणला होता. वर्गातल्या मुली होत्या. गाडी हलेपर्यंत बीबीजी खिडकीशी उभ्या राहून तिला इटालियनमध्ये प्रश्न विचारत होत्या आणि ती उत्तर देत होती, मोठ्यानं, सगळ्या फलाटासमोर. माझी मनीषा! डब्यातली माणसं वाकून बघत होती आणि ती थांबत नव्हती. गाडी गेली तेव्हा मी रडले. बीबीजी रडल्या नाहीत. मुलींना म्हणाल्या, "उद्या वर्ग हाय. सुट्टी न्हाई," आणि जिन्याकडे निघाल्या. आण्णा हात द्यायला पुढं झाले तर म्हणाल्या, "गुडघे माझे हायती, त्यांना सवय हाय."

त्यानंतर लगेच मला आजारी सासूबाईंसाठी गावाकडे जावं लागलं. बीबीजी गेल्याचा फोन मला तिथंच आला. झोपेतच गेल्या. म्हणून त्या दिवशी स्टेशनवर मी त्यांना पाहिलं, ते शेवटचं.

जिना चढून बीबीजी स्टेशनच्या पुलावर अर्ध्यात पोचल्या होत्या. फोन वाजला असावा, कारण त्या थांबल्या आणि कानाला लावला. गाडीतून मनीषानं केला होता, मला नाही, त्यांना. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. त्या कठड्याला टेकून, एक हात हवेत हलवत, मोठमोठ्यानं बोलायला लागल्या. पांढरी ओढणी वाऱ्यानं उडत होती. दोन्ही बाजूंनी माणसं सामान घेऊन त्यांना वळसा घालून जात होती, काही वळून बघत होती.

माझ्याजवळ बोचकं घेऊन एक बाई बसली होती. तिनं विचारलं, "कोण गं ती बाई? कोणत्या भाषेत बोलून राहिली?"

अनोळखी माणसाशी मी कधी बोलत नाही. पण त्या दिवशी आवाज माझ्या आधीच बाहेर आला. "त्या जसवंत कौर," मी म्हटलं. "नांदेडच्याच आहेत. माझ्या मुलीच्या मास्तरीणबाई."